खुंटीवरचं पॉवर मीटर

आमच्या घरातली सगळ्यात महाग वस्तू पाच महिने भिंतीवर टांगलेली होती, आणि ती टांगूनच ठेवायची यावर घरात एकमत होतं. एरवी आमच्याकडं आमटीत मीठ किती यावरही एकमत होत नसे. पण या बाबतीत आई, आप्पा, मामा, आमचे पी.टी.चे सर आणि मी, पाचही जण एका सुरात. त्या पाचांत मी होते हे आधीच सांगून टाकते. पुढं मी बाकीच्यांना नावं ठेवायला लागले की कुणी मला शहाणी समजायला नको.

वस्तू म्हणजे सायकलचं मागलं चाक. त्याच्या मधल्या हबमध्ये पॉवर मीटर बसवलेलं होतं. आपण पायडल किती जोरानं मारतो ते हे यंत्र मोजतं आणि हँडलवरच्या छोट्या डबीत वॅटमध्ये आकडा दाखवतं. वारा समोरून होता, रस्ता खराब होता, रात्री झोप झाली नाही, असल्या सबबी त्याच्यापुढं चालत नाहीत. जेवढा जोर लावाल तेवढा आकडा. दोन हजार तीन-चारच्या त्या दिवसांत तेवढ्या पैशांत नवी कोरी मोटारसायकल आली असती, वर हेल्मेट फुकट. आमच्याकडं मोटारसायकल नव्हती. मीटर होतं.

आमचं गाव पाटसजवळ, दौंडच्या रस्त्याला. आप्पा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात फिटर, पण सीझनपुरते. गाळप चालू असलं की माणूस घरात दिसायचा नाही, आणि गाळप संपलं की घरातून हलायचा नाही. त्यामुळं 'पर्मनंट' हा शब्द आमच्याकडं हात जोडून उच्चारला जाई. त्यात दौंड शेजारी. दौंड म्हणजे रेल्वे. तिथं रेल्वेत लागलेला माणूस बाजारात नुसती मेथीची जुडी घेत असला तरी आप्पा मला कोपरानं ढोसून दाखवायचे, "बघ, रेल्वेत हाय."

मी बारावी होऊन घरी होते आणि सायकल पळवत होते. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या शर्यतींत माझा नंबर यायचा. बक्षीस म्हणून भिंतीवरची घड्याळं मिळायची. आमच्या दोन खोल्यांत सात घड्याळं होती आणि वेळ विचारायला आम्ही शेजारी जायचो. मग एक दिवस सरांनी घरी येऊन सांगितलं की राज्याच्या संघात चार मुली घेतात. त्यात निवड झाली, नॅशनलला खेळली, की रेल्वेत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येतो. सर 'पर्मनंट' हा शब्द अगदी शेवटी म्हणाले. आप्पांच्या हातातला चहा कपातच राहिला.

"एक वरीस घे," आप्पा म्हणाले. "झालं तर सोनं झालं. न्हाई झालं तर मामाच्या कंपनीत पॅकिंगला उभं ऱ्हायचं. मंग कुरकुर ऐकायची न्हाई मी."

मामा शिरूरला राहायचे आणि तिकडच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला होते. पॅकिंगची जागा त्यांनी बोलून ठेवली होती. दिवसभर खोक्यात थर्माकोल भरायचा आणि चिकटपट्टी मारायची. मी मान हलवली, कारण मी राज्याच्या संघात जाणारच होते ना!

त्याच वर्षी मामांना कंपनीनं नवं मशीन शिकायला तीन महिने जर्मनीला धाडलं. गावातल्या एसटीडीवाल्याकडं त्यांचा फोन आला, काय आणू म्हणून. आई म्हणाली, वासाचा साबण आणा. आप्पा म्हणाले, तुमी नीट या म्हंजी झालं. आणि सरांनी आप्पांच्या हातातून फोन काढून घेऊन सांगितलं, पॉवर मीटर आणा. सरांनी ते कुठल्याशा शिबिरात लांबून पाहिलं होतं. मामींनी एकदाच रागानं सुनावलं की मामांनी तीन महिने रोजच्या भत्त्यातून ब्रेड आणि इथून नेलेली शेंगदाण्याची चटणी एवढ्यावरच काढले. मामींना त्या पैशांतून मोटारसायकल घ्यायची होती. मामी आमच्याशी वर्षभर बोलल्या नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

हब आला तो फोममध्ये, फोम खोक्यात, खोकं मामांच्या स्वेटरमध्ये. दौंडच्या सायकलवाल्या चाचांनी तो तारा भरून चाकात बसवला. भरताना दोनदा विचारलं, "आत सोना भरेला हाय क्या?" चाक घरी आलं आणि गाव जमलं.

"मीटर म्हंजी? रीडिंग घ्यायला कोण येनार?" हा पहिला प्रश्न. त्यानंतरचे प्रश्न त्याच पातळीचे. आईनं चाकाला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि नारळाचं पाणी हबवर शिंपडलं. तेव्हा मामांच्या तोंडून जे निघालं ते मराठी नव्हतं. तीन महिन्यांत माणूस भाषाही शिकून आला होता.

मग पाहुण्यांसाठी मटण. मग सर म्हणाले, आता चाचणी. उन्हं कलली नव्हती, पोटात दोन भाकरी आणि रस्सा, अंगात सलवार-कमीज, समोरून वारा. तशी मी पाटस-दौंड रस्त्यावर वीस मिनिटं जीव खाऊन सायकल मारली. मागं सर मोपेडवर, त्यांच्यामागं तीन मोटारसायकली, शेवटी एक जीप, आणि जीपमध्ये ज्यांना चाचणी म्हणजे काय हे माहीत नव्हतं ते सगळे. दौंडच्या अलीकडं उतरले तेव्हा मटण वर येत होतं. सरांनी डबीत वाकून पाहिलं. वीस मिनिटांची सरासरी एकशे अडुसष्ट वॅट.

"एकशे अडुसष्ट!" सर असे ओरडले की मला वाटलं मी काहीतरी जिंकलेच.

जीपमधल्या एका वायरमननं हिशेब केला. "म्हंजी शंभरचा येक बल्ब, साठचा येक, आन् उरल्यात येक झिरोचा. आवो, एवढ्यासाठी जर्मनी?" लोडशेडिंगचे दिवस होते. दुसऱ्यानं विचारलं, पोरीला आठ-धा तास पंपाला जोडता येईल का. मी सायकल टेकून शेजारच्या उसात गेले आणि सगळं मटण तिथं ठेवून आले.

परत आले तर सर आकडा वहीत लिहीत होते. "हा तुझा आकडा," ते म्हणाले. "निवड चाचणीत याच्यावर राहायचं. वर गेलीस की फुटशील. घड्याळाशी खेळायचं नाही, कोण पुढं कोण मागं बघायचं नाही. फक्त आकडा." मला ते फार शास्त्रीय वाटलं. पोट भरून भर उन्हात मोजलेला, नंतर उसात ओकलेला आकडा, आणि आम्ही पाच जण त्याच्याकडं जन्मपत्रिकेसारखं बघत होतो.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी भिंतीत खुंटी ठोकली. चाक सायकलवरून काढलं, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि टांगलं. हँडलवरची डबी आईच्या कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत, डांबरगोळ्यांशेजारी. सोबत आलेली इंग्रजी पुस्तिका प्लॅस्टिकच्या सीलबंद पिशवीत होती. ती मळू नये म्हणून पिशवी फोडायचीच नाही असं ठरलं.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडं चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते. आईच्या रुखवतातला काचेचा सेट मी अठरा वर्षांची झाले तरी खोक्यातल्या गवतातच होता. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक फाटलं तेव्हा आप्पांनी वरून दुसरं प्लॅस्टिक चढवलं होतं. मग मोटारसायकलीच्या किमतीचं चाक खडीच्या रस्त्यावर रोज न्यायचं म्हणजे काय? "खड्ड्यात आपटलं म्हंजी?" आप्पा म्हणाले. "सेल उतरतील," मामा म्हणाले. "शर्यतीच्या दिवशी काढू," सर म्हणाले, कारण फुटलं तर आपल्यावर येईल ही त्यांना भीती. आणि मी? मला तर वाटलं, बरंय, चार लोक बघायला असतील तेव्हाच लावावं.

पाहुणे आले की आधी पाणी, मग चाक. आप्पा खुंटीवरून उतरवायचे, लुगडं सोडायचे, हब फडक्यानं पुसायचे. पाहुणे बोट लावून बघायचे. वडगाव रासाईहून आलेल्या एका आत्याबाईंनी चाकाला नमस्कार केला आणि वर दहा रुपये ठेवले. आप्पांनी ते दहा रुपये माझ्या हातात दिले. पॉवर मीटरची आमच्या घरातली एकूण कमाई तेवढी.

मी सराव केला तो साध्या चाकावर. पाच महिने, एक दिवस न चुकता. पहाटे उठून पाटस ते दौंडचं रेल्वे फाटक आणि परत. गाळप सुरू झालं तशा उसाच्या जोड-ट्रॉल्या रस्त्यावर आल्या. त्यांच्या मागं लागून, त्यांना मागं टाकून मी जायचे, आणि ट्रॅक्टरवाले गाण्याचा आवाज वाढवून मला शाबासकी द्यायचे. फाटकापर्यंत जायला पहिल्या महिन्यात मला बावीस मिनिटं लागायची. चौथ्या महिन्यात वीस लागायला लागली. सर स्टॉपवॉच हलवून बघायचे आणि म्हणायचे, "हे पुढं पळतंय बहुतेक." पाचव्या महिन्यात सरांची मोपेड माझ्या मागं पडायला लागली. सरांनी दौंडला जाऊन तिचा प्लग साफ करून घेतला, तरी पडायची. मग कार्बोरेटर उघडून घेतला. माझे पाय बदललेत, ही शंका मोपेडलाही आली असेल, आम्हाला नाही आली.

निवड चाचणी शेजारच्या शिरूर तालुक्यातच निघाली, न्हावऱ्याच्या रस्त्यावर. वीस किलोमीटर, दहा जायचं, दहा यायचं. एकेक मुलगी एकेका मिनिटानं सोडायची, ज्या चौघी कमी वेळात येतील त्या संघात. आम्ही जीप करून गेलो. आप्पा चाक मांडीवर घेऊन बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरवर ओरडत होते. सायकल टपावर बांधली होती. तिची काळजी कुणाला नव्हती.

तिथं लुगडं सोडलं तेव्हा पुण्याकडच्या मुलीही वळून बघायला लागल्या. खरं सांगते, छाती फुगली माझी. एका पोरीनं तर सरांना विचारलं, सर, कितीला आहे हो हे? सरांनी आकडा सांगितला आणि तिनं तोंडावर हात ठेवला. तिच्या स्वतःच्या हँडलला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. माझ्यामागं एका मिनिटानं तीच सुटणार होती.

"एकशे अडुसष्ट," सर कानाशी म्हणाले. "याच्या वर जायचं नाही. मेलीस तरी नाही."

गेले. डोळे डबीवर. एकशे पंच्याहत्तर झाले की पाय सैल सोडायचे, एकशे साठ झाले की दाबायचे. असलं सोपं जन्मात काही केलं नव्हतं. श्वास नाकानं चालला होता. दोन्हीकडं ऊस, पलीकडं पाट, एका शेतात पाण्याची दारं धरणारा माणूस, सगळं मला निवांत दिसत होतं. शर्यतीत मला कधी काही दिसायचं नाही. मी मनात म्हटलं, बघा, शास्त्र ते शास्त्र, किती हलकं वाटतंय!

आठव्या किलोमीटरला चिकटपट्टीवाली माझ्या शेजारून गेली. तोंड उघडं, नाक वाहतंय, डोकं डावी-उजवीकडं हलतंय. एक मिनिट मागून सुटून मला गाठून पुढं गेली. तिच्या मागं जावं असं पायांना वाटलं. पाय उठलेसुद्धा. डबी म्हणाली दोनशे दहा. मी बसले. वर तिची कीव केली. बिचारीकडं मीटर नाही, म्हटलं, दोन किलोमीटरवर रस्त्यात पडलेली दिसेल.

ती काही मला पडलेली दिसली नाही. दहाव्या किलोमीटरला वळून ती समोरून सुसाट गेली, मग शर्यत संपेपर्यंत दिसलीच नाही.

शेवटच्या किलोमीटरला आप्पा रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांना आकडा-बिकडा काही कळत नव्हता, पण पुढं गेलेल्या पोरी मोजता येत होत्या. "पळ बये!" ते ओरडले. "आगं, पळ की!" त्यांचा तो आवाज ऐकला आणि माझं डबीकडं बघायचं राहून गेलं. मी उभी राहिले आणि पळाले.

निकालाचा कागद जीपच्या बॉनेटवर चिकटवला. पाचवी. चौथीपेक्षा अकरा सेकंद जास्त. चिकटपट्टीवाली दुसरी होती. ती रस्त्याच्या कडेला बसून ओकत होती आणि तिची आई तिची पाठ चोळत हसत होती. माझी धाप मात्र दोन मिनिटांतच ओसरली होती आणि मी छान उभी होते, केसही जागेवर.

घरी येऊन आप्पांनी चाक पुन्हा लुगड्यात बांधलं. जेवायला बसले आणि न जेवताच उठले. दुसऱ्या दिवशीही तसंच. मला रागावले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

डबी आणि तिच्यासोबतची पुस्तिका मामांनी नेली होती. डबीत सगळी शर्यत साठवलेली असते, ती कंपनीतल्या कॉम्प्युटरला जोडली की कागदावर येते. तिसऱ्या दिवशी, रविवारी, मामा शिरूरहून आले. मला घराच्या मागं धुण्याच्या दगडापाशी बोलावलं आणि खिशातून कागद काढला. मामांचं काम मशीनचे असले आलेख वाचण्याचंच होतं. त्यांनी एका रेघेवर बोट ठेवलं. आठव्या किलोमीटरचा एक उंचवटा सोडला तर एकोणीस किलोमीटर रेघ सपाट होती, जमिनीवर झोपलेली. शेवटच्या किलोमीटरला ती उठली आणि कागदाच्या वरच्या कडेला जाऊन भिडली.

"दोनशे साठ," मामा म्हणाले. "आणि ते एकोणीस किलोमीटरनंतर. दमलेल्या माणसाला हे जमत नाही पोरी. तू दमलीच नव्हतीस."

मग त्यांनी दुसऱ्या खिशातून ती पुस्तिका काढली. पिशवी शेवटी त्यांनी फोडली होती. तिच्यात लिहिलं होतं की यंत्र रोज वापरा आणि महिन्याला नवा आकडा काढा, कारण सरावानं माणूस बदलतो. मोठ्या अक्षरांत होतं, चौकटीत. मामांनी हिशेब करून पाहिला होता. वेळा बघता माझा आकडा आता दोनशेच्या आसपास असायला हवा होता. मी राज्याच्या संघासाठीची शर्यत पाच महिन्यांपूर्वीच्या, मटण खाल्लेल्या पोरीच्या ताकदीनं काढली होती, आणि माझी स्वतःची ताकद तशीच घरी परत घेऊन आले होते. अकरा सेकंदांसाठी. मला ओरडावंसं वाटलं. मी दगडावर बसले आणि हुंदका दाबायला ओढणी तोंडात कोंबली.

तेवढ्यात मागच्या दारातून आप्पा आले. तीन दिवसांत दाढी वाढली होती. आमच्या हातातला कागद बघून थबकले.

"काय म्हनतंय यंत्र?" त्यांनी विचारलं. मग एक पाऊल पुढं आले. "त्येच चुकलं का? व्हय गं? आकडा खोटा दावत हुतं का?"

त्यांच्या आवाजात आशा होती. खुंटी त्यांनी ठोकली होती. रोज हब पुसायचे ते फडकं तेव्हाही त्यांच्या खांद्यावर होतं. मी तोंडातून ओढणी काढली.

"व्हय आप्पा," मी म्हटलं. "खोटा दावत हुतं. त्येच बिघडल्यालं हुतं."

आणि मी मामांकडं बघितलं. तीन महिने ब्रेड खाल्लेला माणूस. ज्याची बायको या चाकापायी आमच्याशी बोलत नव्हती तो माणूस. त्यांनी कागदाची घडी घातली, परत घडी घातली, आणि वरच्या खिशात सारली.

"व्हय दाजी," मामा म्हणाले. "माल खराब निघाला. फसलो मी."

आप्पांनी केवढा तरी श्वास सोडला. "मला वाटलंच हुतं," म्हणाले. "परदेशातल्या मालाचा काय भरवसा वो! तुमी मनाला लावून घिऊ नका." त्यांनी मामांच्या पाठीवरून हात फिरवला, मामांची समजूत काढली, आणि आत जाऊन आईला ताटं वाढायला सांगितली. त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले, वर आमटी मागून घेतली. मामा खाली मान घालून त्यांच्या शेजारी जेवत होते. सोमवारी सकाळच्या एसटीनं मी मामांबरोबर पॅकिंगला गेले.